३५ वर्षांनंतर पुन्हा कॅलिपर?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील ५४ वर्षांच्या एका प्राथमिक शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. दीड वर्षाच्या असताना त्यांना ताप आला आणि डावा पाय पोलिओने लुळा पडला. शाळा-कॉलेजची वर्षे मांडीपर्यंतच्या लोखंडी कॅलिपरमध्ये, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या सांगाड्यात गेली. १९व्या वर्षी, लग्न ठरण्याआधी, त्यांनी तो जिद्दीने काढून टाकला आणि तेव्हापासून डावा हात मांडीवर टेकवत, गुडघा मागे ढकलत त्या चालत आल्या आहेत. नोकरी, संसार, दोन मुलांचे शिक्षण हे सगळे त्याच चालीने पार पडले. गेल्या दोन वर्षांत मात्र दुपारनंतर पाय उचलवत नाही, गुडघ्याच्या मागच्या बाजूला कळ येते, उजवा 'चांगला' पायही दुखतो. या वर्षी त्या तीन वेळा पडल्या. दोनदा शाळेच्या रॅम्पवरून उतरताना आणि एकदा बाजारात. चालणे सोपे जावे म्हणून मुलाने जाड, मऊ तळव्याचे स्पोर्ट्स शूज आणून दिले आहेत. पुनर्वसन विभागातील डॉक्टरांनी मांडीपर्यंतचा कॅलिपर पुन्हा सुचवला आहे, तर दुसऱ्या एका शल्यविशारदांनी टाचेची आखडलेली शीर सैल करण्याचा पर्याय बोलून दाखवला आहे. यजमानांना भीती आहे की पट्ट्यांची सवय लागली तर पायात उरलेला जोरही जाईल. ताई विचारतात : व्यायाम दुप्पट केला तर कॅलिपर टळेल का, की शस्त्रक्रिया करून घ्यावी? १९व्या वर्षी जे जिंकले ते आता हरायचे, हे मनाला पटत नाही. शिवाय येत्या वैशाखात मुलीचे लग्न आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला एक तपशील तुम्ही अगदी जाता जाता लिहिला आहे, तिथूनच सुरुवात करते. ते नवे बूट तुम्ही घालायला लागलात आणि तुमचे पडणे सुरू झाले, यांच्या तारखा जरा जुळवून पाहा. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तीनपैकी दोन वेळा तुम्ही उतारावरच पडलात, यामुळे माझा संशय बळावतो.

कारण असे. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायू पायावर भार आला की गुडघ्याला दुमडू देत नाही. तो लुळा असेल तर उभे राहण्याचे दोनच मार्ग उरतात. एक तर हाताने मांडी मागे दाबून धरायची, किंवा अंगाचा भार गुडघ्याच्या पुढून खाली उतरेल अशी शरीराची ठेवण करायची, म्हणजे गुडघा आपोआप मागे ढकलला जाऊन तिथेच अडकतो. लहानपणी पोलिओ झालेली असंख्य माणसे हे दोन्ही मार्ग कोणीही न शिकवता शोधून काढतात आणि तुम्हीही तेच केले. तुमची आखडलेली टाच या कामात तुमची भागीदार आहे. पाऊल किंचित खाली झुकलेले असल्यामुळे ते जमिनीवर टेकताना नडगी पुढे येत नाही, मागे राहते, आणि गुडघ्याचे कुलूप पक्के बसते. आता त्या टाचेखाली गरजेपेक्षा जाड तळवा आला की नडगी पुढे कलते, भाराची रेषा गुडघ्याच्या मागे सरकते आणि कुलूप क्षणात सुटते. रॅम्पचा उतारही नेमके हेच करतो. जाड टाच आणि उतार एकत्र आले, तर पाय अचानक खाली बसल्यासारखा होणे हे ठरलेलेच.

मुलाचे प्रेम खरे आहे, बूटही बहुधा चांगलेच असतील, पण ते तुमच्या गुडघ्यासाठी बनवलेले नाहीत. फिजिओथेरपिस्टने कमरेला आधार दिलेला असताना जुन्या चपलेत आणि नव्या बुटात आळीपाळीने चालून पाहा; फरक तुम्हालाच कळेल. टाचेखालचा उंचवटा मुळातच वाईट, असा मात्र याचा अर्थ लावू नका. टाच जमिनीला टेकत नसेल तर तिच्याखालची पोकळी भरणारा बेताचा उंचवटा गुडघ्याला फार मागे जाण्यापासून वाचवतो. तो किती असावा हे मोजून ठरवायचे असते, दुकानातल्या गादीवर सोडायचे नसते. पाय आखूड असेल तरीही फरक पूर्ण भरून काढत नाहीत. लुळा पाय पुढे टाकताना जमिनीला अडकू नये म्हणून साधारण एक सेंटिमीटर कमीच ठेवतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. १९व्या वर्षी तुम्ही जिंकलात, असे तुम्ही लिहिता. तुमची जिद्द मला कमी लेखायची नाही. तो काळ आणि तो कॅलिपर मला चांगला ठाऊक आहे : दोन लोखंडी पट्ट्या, कातडी पट्टे, खाली जोडलेला काळा बूट, बसताना दोन्ही बाजूंच्या कड्या वर ओढायच्या आणि उठल्यावर त्या खाली पडताना वर्गभर ऐकू जाणारा खट् असा आवाज. लग्नाच्या वयाच्या मुलीने तो काढून टाकावा, यात नवल काहीच नाही. पण गेली ३५ वर्षे तुमच्या गुडघ्याला सांभाळण्याचे काम कोणीच केले नाही, असे नव्हते. ते काम गुडघ्याच्या मागच्या अस्थिबंधांनी केले, डाव्या हाताने आणि खांद्याने केले, पुढे वाकणाऱ्या कमरेने केले आणि सगळ्यांत जास्त उजव्या पायाने केले. आज दुखते आहे ती हीच मंडळी. तेव्हा हार आणि जीत ही मोजपट्टी बाजूला ठेवून एवढेच विचारा की यापुढे हे काम शरीराचा कोणता भाग करणार आणि त्यातले किती काम बाहेरच्या आधारावर सोपवता येईल.

उजव्या पायाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. त्याला तुम्ही 'चांगला' म्हणता, पण पोलिओत न लुळावलेला पायही अनेकदा अस्पर्शित नसतो. एखाद्या स्नायूच्या चेतापेशींचा मोठा हिस्सा नष्ट झाला तरी वरवर त्या स्नायूचा जोर ठीकठाक वाटू शकतो. त्यामुळे तपासणीत दोन्ही पायांच्या, नितंबांच्या आणि हातांच्याही प्रत्येक स्नायूचा जोर शून्य ते पाच या श्रेणीत मोजून लिहून घ्या. हा कागद जपून ठेवा. दोन वर्षांनी तोच तुमचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज ठरेल.

व्यायाम दुप्पट करण्याचा विचार मात्र तुम्ही कृपया आजच थांबवावा. कष्टाने सगळे साध्य होते, असे आपण शाळेत मुलांना शिकवतो. पोलिओच्या स्नायूंना ते लागू पडत नाही. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्यांनाच मारतो. ज्या पेशी वाचतात त्या नवे फाटे फोडून शेजारच्या अनाथ स्नायुतंतूंनाही आपल्याकडे घेतात. आजारानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत पायात जो जोर परत येतो, त्यात या फाट्यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे एका घराच्या मिळकतीवर पाच घरे चालावीत तसा हा प्रकार असतो आणि तो कित्येक दशके चालतोही. पुढे वय वाढते, या पेशी थकू लागतात, जोडलेले फाटे गळू लागतात. मूळ आजारानंतर १५ वर्षांनी, ३० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा नवा अशक्तपणा, न ओसरणारा थकवा आणि दुखणे सुरू होते, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. यात विषाणू परत आलेला नसतो आणि घरात कोणाला त्याची लागण होण्याचा प्रश्नच नसतो. अशा स्नायूंवर थकेपर्यंत वजने लादली तर उरलेल्या पेशींवरचा ताण वाढतो आणि जोर वाढण्याऐवजी घटू शकतो.

तुम्हाला हेच झाले आहे, असे मी म्हणत नाही. हे नाव इतर कारणे तपासून बाजूला काढल्यानंतरच द्यायचे असते. थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या चाचण्या करून घ्या, कमरेच्या मणक्यात नस दबली आहे का ते पाहू द्या. यांपैकी एखादे कारण सापडले तर त्यावर उपचार आहे आणि थकव्याचा काही भाग त्यानेच जाईल. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्यामुळे आजच्या कित्येक तरुण डॉक्टरांनी पोलिओचा पाय हाताळलेलाच नाही, आणि ज्यांना तो झाला त्या तुमच्या पिढीचे गुडघे नेमके आता थकू लागले आहेत.

मग व्यायाम करायचाच नाही का? करायचा, पण मोजून. ज्या स्नायूंचा जोर तीनपेक्षा कमी आहे त्यांना वजनाचा व्यायाम नको; त्यांचे सांधे आखडू नयेत एवढ्यापुरती हालचाल पुरे. ज्यांचा जोर बरा आहे त्यांना हलका, थांबत थांबत केलेला व्यायाम चालतो. जवळपास तरणतलाव असेल आणि कडेला धरायला दांडी असेल, तर पाण्यात चालणे फार चांगले. अर्धा तास विसावूनही थकवा उतरला नाही किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्नायू दुखले, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले, असा सरळ हिशेब ठेवा. हाच हिशेब घरकामालाही लावा. ओट्याशी उंच स्टूल ठेवून बसून भाजी चिरणे आणि वर्गात खुर्चीवर बसून शिकवणे यात कमीपणा नाही, त्यात दुपारनंतरची शक्ती शिल्लक राहते.

यजमानांची भीती चुकीच्या जागी लागू केली आहे, इतकेच. पायाचे हाड मोडून प्लॅस्टर घातले की चांगला स्नायू काही आठवड्यांत बारीक होतो हे सगळ्यांनी पाहिलेले असते, त्यातून ही समजूत येते. पण तुमच्या गुडघ्याभोवतीचा जो स्नायू ५२ वर्षांपूर्वीच कामातून गेला, त्याला पट्टा आणखी दुर्बळ कसा करणार? नितंबाचे आणि पोटाचे जे स्नायू तुम्ही चालताना वापरता, ते कॅलिपरमध्येही काम करतच राहतात. उलट पडण्याच्या भीतीने माणूस बाहेर जाणे कमी करतो आणि त्या बसून राहण्यानेच जास्त शक्ती जाते.

शस्त्रक्रियेबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. टाचेची शीर सैल केली की पाऊल जमिनीवर सपाट टेकेल, दिसायला चाल सुधारेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे तीच आखडलेली टाच आज तुमचा गुडघा धरून ठेवते आहे. ती सैल झाली आणि पोटरीही दुबळी असली, तर नडगी पुढे कोसळेल आणि आज जे तीन वेळा झाले ते रोज होऊ लागेल. पोलिओच्या शस्त्रक्रियेतला हा जुना, जाणकारांना पाठ असलेला धडा आहे. काही रुग्णांना ती शस्त्रक्रिया लागते, विशेषतः कॅलिपरमध्ये पाऊल बसतच नसेल तेव्हा. पण 'गुडघा कशाच्या आधाराने उभा राहील' या प्रश्नाला आधी उत्तर मिळाल्याशिवाय होकार देऊ नका. गुडघा बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तरी क्वाड्रिसेप्स लुळा असलेल्या गुडघ्यात बसवलेला सांधाही पुन्हा मागे जाऊ शकतो, हे लक्षात ठेवून पोलिओचे रुग्ण हाताळलेल्या शल्यविशारदांचे दुसरे मत घ्या. कोणत्याही कारणाने कधी भूल घ्यावी लागली, तर भूलतज्ज्ञांना पोलिओचा इतिहास आपणहून सांगा. औषधांचे प्रमाण आणि भुलीनंतरची देखरेख ठरवताना त्यांना तो हवा असतो.

आता कॅलिपर. तुमच्या डोळ्यांसमोर १९९० सालचा कॅलिपर आहे आणि माझ्या मते अर्धा विरोध त्या चित्रालाच आहे. आज पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा, तुमच्या पायाच्या साच्यावरून काढलेला कॅलिपर मिळतो, ज्याचा तळ पातळ असतो आणि तो बुटाच्या आत जातो. कार्बन फायबरचा आणखी हलका असतो आणि बराच महागही. वजन कमी असणे, विशेषतः पावलाकडच्या टोकाचे वजन कमी असणे, तुमच्यासारख्या थकणाऱ्या पायाला महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक पावलाला ते कमरेतून उचलावे लागते.

पण पदार्थापेक्षाही गुडघ्यापाशी कोणता सांधा बसवतात याची चौकशी जास्त करा. जुन्या प्रकारात कडीचे लॉक असते. पाय सरळ कुलूपबंद राहतो, पडण्याचा धोका कमी होतो, मात्र चालताना कंबर उचलून किंवा पाय बाहेरून फिरवून टाकावा लागतो आणि दम लागतो. दुसऱ्या प्रकारात बिजागरीचा आस मुद्दाम गुडघ्याच्या जरा मागे ठेवलेला असतो. त्यामुळे तुम्ही आजवर शरीराच्या ठेवणीने साधत आलात तेच काम तो बिजागर अधिक खात्रीने करतो. भार आला की गुडघा मागे रेलतो आणि ठरावीक अंशापाशी अडतो, तर पाय पुढे टाकताना तो मोकळा दुमडतो. तुमच्या गुडघ्याच्या मागे दुखते आहे, म्हणजे मागे जाण्याला अडसर हवा. आणि तुमची स्थिरता मागे जाण्यावरच उभी आहे, म्हणजे अडसर पूर्ण सरळ रेषेत नको, थोडे अंश मागे जाऊ देणारा हवा. गुडघा अगदी सरळ रेषेत आणून 'सुंदर' केलेला कॅलिपर पोलिओच्या माणसाला चालताच येत नाही म्हणून कपाटात पडून राहतो, असे वारंवार घडते. तेव्हा हे वाक्य मापाच्या दिवशी तंत्रज्ञांसमोर जसेच्या तसे म्हणा : 'मला थोडासा मागे जाणारा गुडघा हवा आहे.' नितंबाचा जोर बरा असेल तर लॉक न लावता हा प्रकार तुम्हाला पेलेल. प्रार्थनेला किंवा रांगेत बराच वेळ उभे राहायचे असेल तेव्हापुरते लॉक असलेली जोडणीही मिळते. पाय टेकताच आपोआप अडकणारे आणि उचलताच सुटणारे यांत्रिक सांधेही निघाले आहेत. ते चांगले आहेत, पण वजन, किंमत आणि दुरुस्ती यांचा विचार करता गावात राहणाऱ्या व्यक्तीने पहिली निवड तीच करावी, असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, गुडघ्याच्या खालपर्यंतचाच, पुढून नडगीला टेकणारा छोटा पट्टा घ्या की. तो गुडघ्याला मागे ढकलूनच आधार देतो. ज्याचा गुडघा सरळ होतो पण मागे फारसा जात नाही, अशा पोलिओच्या रुग्णाला तो वरदान ठरू शकतो. तुमचा गुडघा आधीच मागे जातो आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंतचा सुचवला असावा आणि मला ते पटते. किती अंश मागे जातो हे मोजलेले आकडे मात्र त्यांच्याकडून मागून घ्या.

हा निर्णय एकदम करायचा नसतो, हेही सांगायला हवे. माप देण्याआधी फिजिओथेरपी विभागात कापडी पुश-नी स्प्लिंट, म्हणजे गुडघा सरळ धरून ठेवणारी पट्टी बांधून समांतर दांड्यांमध्ये आठ-दहा दिवस चालून पाहता येते. ती तात्पुरती आणि ओबडधोबड असते, पण गुडघा धरला गेला की हात मांडीवरून सुटतो का, कमरेची कळ कमी होते का, हे त्यातून कळते. तसेच कॅलिपर म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत, ही जुनी शिस्तही सोडून द्या. शाळा, बाजार, प्रवास, उतार यांसाठी कॅलिपर, आणि घरात चार भिंतींना धरून काठीच्या आधाराने चालायचे, अशी वाटणी अनेक जण सुखाने करतात. काठी उजव्या हातात धरायची, दुबळ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, आणि तिच्या टोकाची रबरी टोपी गुळगुळीत झाली की लगेच बदलायची.

घरातल्या अनवाणी वावराचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे आणि परदेशी पुस्तकांवर शिकलेली मंडळी तो सहसा विचारत नाहीत. कॅलिपर विशिष्ट टाचेच्या बुटासाठी बांधलेला असतो. बूट काढून नुसता प्लॅस्टिकचा तळ फरशीवर ठेवला तर नडगीचा कोन बदलतो, शिवाय तो घसरतो. म्हणून माप देताना घरातली, देवघरातली आणि शाळेतली अशी सगळी पादत्राणे सोबत न्या आणि त्यांतील एक जोड फक्त घरासाठी, बाहेर न नेलेली, मागे पट्टा असलेली आणि त्याच टाचेच्या उंचीची ठेवा. देवळात जाताना तोच स्वच्छ जोड पिशवीतून नेता येतो. सासूबाई किंवा पुजारी काही म्हणाले तर त्यांना एकदाच शांतपणे सांगा. बहुतेक लोक ऐकतात. न्हाणीघरात कॅलिपर चालणार नाही, तिथे भिंतीला दांडी, बसायला न घसरणारे स्टूल आणि भारतीय बैठकीच्या संडासावर खुर्ची एवढे करून घ्या. हे आधी करा, कॅलिपर नंतर आला तरी चालेल. लुळ्या पायाचे हाड वर्षानुवर्षे कमी भार घेऊन ठिसूळ झालेले असू शकते आणि रजोनिवृत्तीनंतर त्यात भर पडते, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करून घ्या.

लग्नाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. साडीच्या निऱ्यांखाली प्लॅस्टिकचा कॅलिपर सहसा दिसत नाही. दिसला तरी पाहुण्यांच्या समोर वधूमाय अडखळून पडण्यापेक्षा ते बरे, असे मी स्पष्टच म्हणेन. पण लग्नासाठी म्हणून घाई नको. साच्याचे माप, पहिली जोडणी, दुरुस्त्या आणि सवय यांना मिळून दोन-तीन महिने धरा. वैशाखात हवा असेल तर संक्रांतीच्या सुमारास माप दिलेले असावे. तेवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी काठी, खुर्ची आणि एक खंबीर भाची यांच्यावर भागवा. नवा कोरा कॅलिपर घालून मांडवात पहिल्यांदा उभे राहू नका.

कॅलिपर हातात आल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला आणि काढून त्वचा पाहा. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक, टिकली तर तिथे दाब जास्त आहे. खुर्चीवर बसताना मांडीचा किंवा पोटरीचा पट्टा वर-खाली सरकत असेल, तर बिजागर तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर नाही. टाच आतून उचलली जात असेल किंवा वरची कडा जांघेत रुतत असेल, तर तसेच चालवून घेऊ नका. पोलिओत संवेदना शाबूत असते, त्यामुळे कुठे खुपते ते तुम्हाला नेमके सांगता येईल. हाच सल्ला मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाची जाणीव गेलेल्या वाचकांनी जसाच्या तसा घेऊ नये. त्यांनी दुखण्याची वाट न पाहता दर वेळी डोळ्यांनी, आरसा धरून तपासावे. पक्षाघातानंतर पाऊल लोंबणाऱ्या वाचकांचाही हिशेब वेगळा आहे. त्यांच्या मेंदूत अजून सुधारणेला वाव असतो, त्यामुळे त्यांनी व्यायाम सोडू नये आणि पट्ट्याची गरज दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावी.

शेवटी खर्चाचे आणि दुरुस्तीचे. माप घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑर्थोटिस्ट, म्हणजे कॅलिपर बनवणारी तज्ज्ञ आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नका; १९९२च्या कायद्याने ती नोंदणी आवश्यक केली आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जुने असेल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र काढून घ्या. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॅलिपर, काठ्या, कुबड्या सवलतीत किंवा मोफत मिळतात. शिक्षिकेचा पगार त्या मर्यादेबाहेर जाईल, पण हे वाचणाऱ्या इतरांनी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करावी. शिबिरात मिळणारा कॅलिपर घेण्याआधी मात्र तो तुमच्या मापाचा साचा घेऊन बनवणार आहेत का आणि शिबिर उठल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे विचारा. मुंबईत हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, जिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कॅलिपरची कार्यशाळा एकाच आवारात आहेत. तुमच्या डॉक्टरांचे मत आणि स्नायूंच्या जोराचा कागद घेऊन एकदा तिथे दाखवले तर वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एका छपराखाली मिळू शकतील. कॅलिपर कुठेही करून घेतला तरी रिव्हेट ढिली होणे, वेल्क्रो झिजणे, बिजागरीत पावसाळ्यात गंज धरणे हे होणारच. त्यामुळे साताऱ्यात किंवा पुण्यात ही किरकोळ कामे करून देणारा माणूस आधी शोधा, आणि त्याला हाताळता येतील असेच सुटे भाग कॅलिपरला बसवून घ्या.